झुनीच्या शाळेला जायचंय त्यांच्यासाठी सूचना

नमस्कार मंडळी, अल्बुकर्कीहून झुनी पुएब्लोला (न्यू मेक्सिकोतलं झुनी आदिवासींचं गाव) सेंट अँथनी शाळेत गरम कपडे द्यायला आपण शनिवारी निघतोय. सकाळी ७ ला नेहमीच्या पार्किंगमध्ये या, ग्रँट्सवरून हायवे ५३ ने अडीच तासांहून जास्त लागतात.

शाळा छोटीशी आहे, १९२३ पासूनची, मुलं बहुतेक झुनीच. गाव ६००० फुटांच्या वर असल्यामुळे ऑक्टोबरात दुपारी ऊन असतं आणि सकाळी चांगलाच गारठा, म्हणून जॅकेट, टोप्या, हातमोजे आणा, पण धुतलेले आणि चेन धड असलेले. फाटकं कृपया नको, मुलांच्या अंगावर जाणार आहे ते.

फोटोचं नीट वाचा. गावात परमिटशिवाय फोटो काढायचा नाही, ते व्हिजिटर सेंटरला मिळतं, आणि परमिट असलं तरी धार्मिक विधींचे फोटो, व्हिडिओ, अगदी स्केचसुद्धा चालत नाही. मुलांचे फोटो तर कुणीच काढू नका, मागू पण नका.

हिवाळ्याच्या तोंडावर तिथे शालाको, म्हणजे झुनींचा मोठा धार्मिक सोहळा असतो, घराघरात त्याची तयारी चालू असते. मुलांना त्याबद्दल खोदून विचारू नका, आपल्या घरच्या कुळाचाराबद्दल परक्याने विचारलं तर आपल्याला कसं वाटेल तसंच आहे हे. पिन्यनच्या (तिथल्या एका पाइन झाडाच्या) खायच्या बिया, चुलीतला पाव याबद्दल मात्र खुशाल बोला.

कोण येतंय आणि गाडीत किती जागा आहे ते गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच लिहा.