चाचा, त्या पहाटे तुमचा हात माझ्या हातावर होता

चाचा, सलाम.

तुमचा फोन साधा आहे, म्हणून हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवेल अशा आशेवर लिहितोय. चारचौघांसमोर लिहितोय ते मुद्दाम. घाट चढून वर आल्यावर हेळवाकला तुम्ही परतीच्या एसटीत चढलात तेव्हा घसा दाटून आला होता, तोंडातून शब्दच फुटला नाही.

बाबा गेल्यावर त्यांची फायबरची होडी विकावी लागली. घेणारा घाटावरचा, धरणात जाळी टाकणारा. पावसाआधी पोचती करायची होती. १ जूनच्या मासेमारी बंदीआधी गावात सगळे आपापल्या कामात, त्यामुळे सोबतीला कुणी नव्हतं. मे महिन्यातल्या भर दुपारी ऑटोमॅटिक पिकअपला ट्रेलर जोडून गुहागरहून एकटाच निघालो. होडी, तिचं इंजिन आणि ट्रेलर मिळून वजन हजार किलोच्या वर. कुंभार्ली घाटात चार वळणं चढलो नाही तोच गाडी सैरभैर झाली. वरचा गिअर टाकी, लगेच खालचा, पुन्हा वरचा. मग जळका वास आला आणि गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. घाबरून इंजिन बंद केलं आणि आरशातून होडीकडे बघत बसलो. बाबांची एवढी एक वस्तू, तीही मला धड पोचवता येत नाही, हेच डोक्यात फिरत होतं.

गाडी नेहमी जिथे दाखवायचो तिथल्या काचेच्या खोलीतल्या साहेबांना मी दोन महिने आधी विचारलं होतं, की ट्रेलर ओढायचा आहे, काय काळजी घेऊ? मान वर न करता ते म्हणाले, "ऑटोमॅटिक आहे, तुम्ही फक्त चालवा. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं." घाटातून फोन केला तर गाडी न बघताच नवा गिअरबॉक्स लागेल म्हणाले आणि लाखांतला आकडा सांगितला. आकड्याचं दुःख नाही मला. मी आधी विचारायला गेलो होतो, चाचा. विचारणाऱ्याला कुणी असं वाटेला लावतं का?

पायथ्याच्या चहावाल्याने गॅरेजवाले चाचा म्हणून तुम्हाला निरोप दिला. तुम्ही स्कूटरवरून आलात, आधी ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावलेत, मग मला पाण्याची बाटली दिलीत. गाडीला हात त्यानंतर लावलात. मी इंजिन बंद केलं होतं त्यावर ओरडला नाहीत. "तापलं की गाडी बाजूला घे, हँडब्रेक लाव, गिअर काढ आणि इंजिन चालू राहू दे. तेल फिरलं तरच निवणार ना ते," एवढंच म्हणालात.

रात्री गॅरेजमध्ये तुम्ही जुन्या तेलाचा एक थेंब आणि चिपळूणहून आणलेल्या नव्याचा एक थेंब कॅलेंडरच्या पानावर शेजारी शेजारी टाकलात. नवा कुंकवासारखा लाल, जुना काळपट, करपलेला. त्या तेलाला मोठं काम असतं हे मला तेव्हा कळलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन पंखे समोरासमोर, त्यांच्यात तेल. इंजिनाचा पंखा तेलाला ढकलतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. मागे ओझं आणि समोर चढ असला की एक पंखा जोरात फिरतो, दुसरा मागे राहतो, आणि तो सगळा फरक तेलात उष्णता होऊन उतरतो. ८०–९० अंशांवर ते निवांत असतं, १२० च्या पुढे भराभर खराब होतं. गिअर सारखा बदलत राहिला की आतल्या प्लेटाही घासतात, तापतात. म्हणून चढावर गिअर तिच्या मर्जीवर सोडायचा नाही, आपण खालचा धरून ठेवायचा. हे तुम्ही विड्यांचं बंडल आणि काडेपेटी हातात घेऊन समजावलंत.

पण मी हे लिहितोय ते पहाटेसाठी. पाच वाजता मी निघालो तर तुम्ही टोपी घालून शेजारच्या सीटवर येऊन बसलात. बोलावलं नव्हतं मी. गिअरच्या दांड्यावर माझा डावा हात, त्याच्यावर तुमचा उजवा. तेलाने काळवंडलेल्या रेघांचा, उबदार. इंजिनाचा आवाज वाढला की माझा हात आपसूक वरच्या गिअरकडे जायचा. तुम्ही तो हळूच दाबून धरायचात. दुसरा म्हणजे दुसराच. एका वळणावर समोरचा ट्रक थांबला, तर मी चढावर ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलत राहिलो. तुम्ही माझ्या गुडघ्यावर थाप मारलीत, "ब्रेक. तेल जाळू नको." लहानपणी बाबांनी असाच हात धरून माझ्याकडून पाटीवर श्री गिरवून घेतला होता. घाटमाथा येईपर्यंत तुम्ही हात काढला नाहीत. दिवा एकदाही लागला नाही.

हेळवाकला तिकिटाचे पैसे पुढे केले तर तुम्ही माझी मूठ मिटवलीत. "बापाची होडी आहे, नीट ने," म्हणालात. रात्री होडीबद्दल मी एकदाच बोललो होतो. तुम्ही ते लक्षात ठेवलंत.

अशी माणसं आपल्या रस्त्यांच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली असतात. पाटी पुसट, आत एक बल्ब, आणि दारात आलेल्याचं ओझं आपलं मानायची सवय. ज्यांच्याकडे काचेच्या खोल्या आहेत त्यांनी एक दिवस तिथे येऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

होडी पोचली. नव्या मालकाने तिचं नाव तसंच ठेवलंय. तुम्ही सांगितलेला तेलाचा वेगळा कूलर रेडिएटरपुढे बसवून घेतला आहे. दिवाळीनंतर तेल बदलायला तुमच्याकडेच येतो. आईने तुमच्यासाठी कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या आहेत, त्याचे पैसे मात्र तुम्ही विचारायचे नाहीत.

तुमचा,
होडीवाला पोरगा