आयटीआयमधला जॉब भंगारात का जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशातील १,००० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अद्ययावतीकरणासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून आयटीआयविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहून येत आहे. नवी यंत्रसामग्री आणि उद्योगांचा वाढता सहभाग यांचे स्वागतच आहे. मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या एका आयटीआयमध्ये जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून तीन दशके काढल्यावर मला एका निराळ्या बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या मुलाचे मन तिथे नसेल, तर त्याच्यापुढे जुना लेथ ठेवला काय आणि संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र ठेवले काय, सारखेच. आणि मन का नसते, याचे एक कारण आम्ही निदेशक मंडळी रोज स्वतःच्या हातांनी भंगाराच्या पेटीत टाकत आलो आहोत.

फिटरच्या पहिल्या वर्षाची सुरुवात कानशीने होते. लोखंडी पट्टीचा तुकडा हॅकसॉने कापायचा, वाइसमध्ये पकडायचा आणि त्याचे पृष्ठभाग सपाट व एकमेकांशी काटकोनात येईपर्यंत घासत राहायचे. काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की जिथे फट असते तिथून प्रकाश दिसतो. फट दिसली की पुन्हा कानस. हे काम आवश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण हात आणि डोळा यांची जोडी तिथेच जमते. पण आठ-दहा दिवस घाम गाळून मुलगा जो तुकडा, आमच्या भाषेत ‘जॉब’, तयार करतो, त्याचे पुढे काय होते? मी तो तपासतो, गुण देतो, जर्नलवर सही करतो आणि तुकडा पेटीत जातो. पेटी भरली की माल भंगाराच्या ढिगावर आणि यथावकाश लिलावात. एका मुलाने मला सरळ विचारले होते, “सर, टाकूनच द्यायचाय, तर एवढा कशाला घासायचा?” मी त्याला शिस्तीवर एक छोटेसे भाषण दिले. आज वाटते, त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा शहाणा होता.

मुळात यातील कित्येक मुलांनी हा व्यवसाय निवडलेलाच नसतो. दहावीच्या गुणांवर ऑनलाइन प्रवेश होतात, पसंतीक्रम बहुधा सायबर कॅफेवाला भरून देतो आणि ज्या राउंडला जे लागेल ते घेऊन मुलगा ऑगस्टमध्ये दारात उभा राहतो. वीजतंत्री हवा असलेल्याला पत्रे कारागीर मिळालेले असते, आणि पत्रे कारागीर नेमके काय करतो हे त्याच्या घरात कोणालाच ठाऊक नसते. त्यानंतर त्याला बांधून ठेवण्यासाठी आपल्याकडे असते काय, तर ८० टक्के हजेरीची अट. हजेरीने मुलगा वर्कशॉपच्या आत येतो, हे खरे. पण दिवसभर वाइसला टेकून मोबाइल पाहणाऱ्याचीही हजेरी शंभर टक्के भरू शकते. लेखी परीक्षा आता संगणकावर, वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते. तिच्यासाठी प्रश्नसंच मोबाइलवर फिरतात आणि पाठांतराने काम भागते. २०१३ मध्ये सत्र पद्धत आली, २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक पद्धत आली. भंगाराच्या पेटीवर दोन्हींचा काही परिणाम झाला नाही.

याच्या उलट काय घडू शकते, याचा एक अनुभव सांगतो. शेजारच्या गावातील जिल्हा परिषद शाळेची चाळीसेक बाकडी खिळखिळी होऊन व्हरांड्यात पडली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सहज विषय काढला आणि आम्ही ती दुरुस्तीसाठी घेतली. पाय जोडण्याचे काम संधाता, म्हणजे वेल्डर, तुकडीकडे गेले आणि कोपऱ्यांना लावायचे काटकोनी ब्रॅकेट माझ्या फिटरांकडे आले. प्रत्येक ब्रॅकेटला आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी छिद्रे पाडायची होती. छिद्राच्या जागी आधी पंच मारून खळगी पाडली नाही, तर ड्रिल टोकाशी सरकते, हे मी फळ्यावर दर वर्षी लिहीत असे आणि मुले दर वर्षी उतरवून घेत असत. त्या तुकडीत कायम मागे उभा राहणारा एक मुलगा होता. त्याने पंच न मारताच छिद्रे पाडली. बाकडे जोडायला घेतले तेव्हा एक बोल्ट गेला, दुसरा जाईना. छिद्र जेमतेम दोन मिलिमीटर सरकले होते. बाई शेजारीच उभ्या होत्या आणि पहिलीतली दोन पोरे आपले बाकडे कधी मिळते म्हणून वाट पाहत होती. मी एक शब्द बोललो नाही. तो उठला, सायकलवरून वर्कशॉपला गेला आणि नवा तुकडा घेऊन, मार्किंग करून, पंच मारून, तासाभरात दुसरा ब्रॅकेट घेऊन आला. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत कोणत्याही जॉबला हात लावण्यापूर्वी तो माप दोनदा घेई, आणि इतरांच्या चुका त्यांना दाखवताना त्याला होणारा आनंद जरा अतीच होता.

जे काम एका शाळेच्या व्हरांड्यात आम्हाला योगायोगाने गवसले, ते पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शिक्षणाची पद्धत म्हणून रुजले आहे. शाळेच्या चाकोरीत न रमलेली मुले तिथे येतात आणि फॅब्रिकेशन, बांधकाम, शेती ही कामे गावासाठी प्रत्यक्ष करत ती शिकतात. काम वापरणारा माणूस समोर असतो आणि ते बिघडले तर तो परत येतो. निदेशकाच्या लाल पेनापेक्षा या माणसाचा धाक मोठा असतो.

यावर आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे, की अशाने मुलांचा स्वस्त मजूर होईल. शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली मुलांना महिनोन्महिने खोकी भरायला लावल्याच्या तक्रारी माझ्याकडेही माजी विद्यार्थ्यांनी केल्या आहेत. म्हणून मर्यादा आधीच आखून घ्यावी लागेल. बाहेरचे काम घ्यायचे ते अभ्यासक्रमातील एखादे कौशल्य त्यात असेल तरच, आणि एकच नग एका मुलाने दहापेक्षा जास्त वेळा करायचा नाही. अकराव्या नगापासून शिकणे संपते आणि उत्पादन सुरू होते.

यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. अभ्यासक्रमात प्रोजेक्ट वर्कची तरतूद आहेच. पण ते वर्षाच्या शेवटी एखादे मॉडेल करून प्राचार्यांच्या कपाटात ठेवण्यापुरते उरले आहे. तेच तास वर्षभर विभागून शाळा, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी वापरता येतील. अडचण आहे ती कागदाची. शासकीय कच्च्या मालापासून बनलेली वस्तू संस्थेबाहेर द्यायची कोणत्या नोंदीने, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यास उत्तर देणार कोण, या भीतीने निदेशक ती वस्तू भंगारात टाकणे पसंत करतो. भंगाराला मात्र नोंदवही आहे. त्या चाळीस बाकड्यांच्या वेळी ब्रॅकेटसाठीची पट्टी शेवटी शाळा समितीने विकत आणून दिली, म्हणून आम्ही सुटलो.

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने एका परिपत्रकाद्वारे अशा कामांची नोंद कशी ठेवावी हे ठरवून द्यावे आणि मंजुरीचा अधिकार प्राचार्यांना द्यावा, ही माझी विनंती आहे. संस्था व्यवस्थापन समित्यांवर स्थानिक उद्योजक असतात; त्यांनी वर्षातून एक खरे काम प्रत्येक तुकडीला मिळवून दिले, तरी बैठकीतील चहापाण्याचे सार्थक होईल. एकेका निदेशकाकडे दोन-दोन तुकड्या असताना हे जमणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून रिक्त पदांचा प्रश्न यंत्रखरेदीच्या आधी सुटावा. नवे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. पहिल्या जॉबसाठी पट्टी कापली जाण्यापूर्वी परिपत्रक निघाले, तर याच वर्षीच्या तुकडीला त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कोल्हापूर जिल्हा