भाऊबीज झाली की निघू

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली क्रूझची जाहिरात मिळाली. मुंबईहून गोवा, पुढे लक्षद्वीप, दिवाळीच्या सुट्टीत, आणि पैसे तुम्ही भरणार. तुम्ही हे मनात आणलंत यानंच आम्हा दोघांना भरून आलं. तरी त्या बोटीनं जायला आमचं मन घेत नाही, आणि का ते फोनवर नीट सांगता आलं नाही. आई, मध्येच तू "मुलं नकोत म्हणजे काय गं?" असं विचारलंस तेव्हा तुझा आवाज कापरा झाला होता. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आम्हाला मुलं हवी आहेत, अगदी मनापासून. आठवडाभराच्या प्रवासात आजूबाजूला शंभर-दोनशे नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे. सकाळी सातपासून दुसरीच्या वर्गात असते मी. माझा जीव आहे त्या पोरांवर. पण कुठेही मूल ओरडलं की माझी मान आपोआप वळते. कोण पडलं, कोणी कोणाला ढकललं, आई जवळ आहे ना. समोर बसलेल्या माणसाचं वाक्य तिथेच तुटतं. आणि ज्यांचं वाक्य तुटेल त्या तुमच्या जावयांशी माझं सलग बोलणं अजून झालेलंच नाही. लग्न ठरल्यापासून रात्रीचे फोन. लग्न झालं, अधिक ज्येष्ठ लागला, धोंड्याचं जेवण झालं, तेवढ्यात माझी शाळा उघडली आणि ते नागपूरला कामावर गेले. आम्हाला एकमेकांशी बोलायचं आहे आणि काही न बोलता बसायचंही आहे.

बाईंची सुट्टी मुलांच्या सुट्टीतच येते, ही खरी अडचण. मुंबईहून सुटणारी बोट दिवाळीत कुटुंबांनी भरणार, आणि ते बरोबरच आहे, ती त्यांच्यासाठीच असते. तीन-चार रात्रींच्या सफरीत तर मुलं जास्तच, कारण तेवढी सुट्टी प्रत्येकाला मिळते. सफर जितकी लांब आणि बोट जितकी लहान, तितकी मुलं कमी. हल्लीच्या प्रचंड बोटींवर सात हजारांवर प्रवासी मावतात आणि वर पाण्याच्या घसरगुंड्या असतात. तसल्या बोटीवर शांत कोपरा मिळावा म्हणून बऱ्याचदा वेगळे पैसे मोजावे लागतात.

अठरा वर्षांखालच्यांना अजिबात न घेणाऱ्या कंपन्याही आहेत. व्हर्जिनच्या बोटी तशाच, पण तिथे रात्री उशिरापर्यंत पार्ट्या आणि संगीत. मुलं नाहीत म्हणजे शांतता आहेच, असं मुळीच नाही. वायकिंगच्या समुद्री बोटींवर प्रवासी हजाराच्या आतच, कॅसिनोही नाही, सगळं मनासारखं. फक्त भाडं आमच्या दोघांच्या पगाराला झेपणारं नाही.

मग एक गोष्ट सुचली. बोटीवर मुलं किती असणार हे ती जिथे चालते तिथल्या शाळांवर ठरतं. अधिक महिन्यामुळे यंदा दिवाळी नोव्हेंबरात आली आहे. नॉर्वेत शरद ऋतूची सुट्टी ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते, ब्रिटनमधली ऑक्टोबरअखेर संपते, आणि नाताळला अवकाश असतो. म्हणजे आपल्या भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात तिकडची सगळी मुलं वर्गात बसलेली असणार! हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री साडेअकराला नागपूरला फोन लावला.

म्हणून आम्ही नॉर्वेच्या किनाऱ्यानं जाणारी बोट निवडली. बाबा, तुम्हाला हे ऐकून आनंद होईल, ती खरं तर क्रूझ नाहीच. तुम्ही लहानपणी आजोबांचा हात धरून ज्या कोकणबोटीनं भाऊच्या धक्क्यावरून देवगडला यायचात, तसलीच ती आहे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत ती यायची, आणि तुम्ही बोटीतून पडावात उतरून किनाऱ्याला लागायचात. आपली बोट बंद पडली, त्यांची १८९३ पासून चालू आहे. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानानं 'वेस्टेरोलेन' ही पहिली बोट त्या वर्षीच्या जुलैत ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टला नेली. त्याआधी हिवाळ्यात उत्तरेकडे पत्र पोचायला महिने लागायचे. आता बर्गनहून रोज एक बोट सुटते, ३४ बंदरं घेत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाते आणि परत फिरते. हुर्टिगरुटन आणि हाविला या दोन कंपन्या ती वाहतूक वाटून घेतात. बोटीत माल असतो, आणि एका गावातून पुढच्या गावाला जाणारी माणसंही. मुलांना बंदी नाही. एखादी आई लेकराला घेऊन दोन बंदरं प्रवास करेल, आणि तेवढं मला आवडेलच.

नाटकगृह नाही, कॅसिनो नाही, कर्ण्यावरून खेळांची घोषणा नाही. मोठ्या काचांपाशी खुर्च्या मांडलेल्या, आणि बाहेर डोंगर. हाविलाच्या बोटींवर एवढ्या मोठ्या बॅटऱ्या आहेत की बोट चार तासांपर्यंत इंजिनाशिवाय चालू शकते. आमचं मन तिथेच बसलं. फक्त जाताना करणार आहोत, सात दिवस. नोव्हेंबरात ट्रॉम्सोला दिवसाचा उजेड जेमतेम चार-पाच तास, बाकी अंधार. आकाश निरभ्र असलं तर उत्तरेचा प्रकाश, म्हणजे आकाशात हलणारे ते रंगीत पट्टे, दिसेल. नाही दिसला तरी अंधार आम्हाला चालणार आहे.

खोली कुठली घ्यायची यावर आम्ही बराच वेळ घातला. ही बोट रात्री-अपरात्री बंदराला लागते, तेव्हा पुढच्या टोकाच्या खालच्या खोल्यांना यंत्रांचा आवाज येतो. म्हणून मधल्या भागातली, लिफ्टपासून लांबची, जिच्या वर आणि खालीही खोल्याच आहेत अशी घेतली. खिडकी आहे, बाल्कनी नाही. त्या थंडीत बाल्कनीत कोण बसणार?

आई, आजीनं तुला सांगितलेली रामदास बोटीची गोष्ट तू विसरलेली नाहीस, हे मला माहीत आहे. १७ जुलै १९४७, रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. तुझी भीती मला खोटी ठरवायची नाही. एवढंच सांगते की हा बहुतेक रस्ता बेटांच्या आडोशानं जातो. मोकळा समुद्र लागतो त्या टप्प्यांत बोट हलते, आणि हवा फारच बिघडली तर कप्तान बंदर गाळतो. इटलीजवळ २०१२ साली कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली, तेव्हापासून अशा प्रवासात बोट निघण्याआधी किंवा निघताच प्रवाशांना जीवरक्षक जाकिटाची माहिती आणि कुठे जमायचं ते दाखवावंच लागतं. आम्ही ते नीट ऐकू, तुझी शपथ.

आता दिवाळसण. तो चुकवायचा विचार आमच्या मनातही आला नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आम्ही दोघं देवगडला पोचतो. नरकचतुर्दशीला तुझ्या हातचं उटणं, पाडव्याला ओवाळणी, भाऊबिजेला दादा. दुसऱ्या दिवशी मुंबईकडे निघू. सासूबाईंशी मी स्वतः बोलले आहे. पहिली दिवाळी तुमच्याकडेच, असं त्याच म्हणाल्या. शेंगेन व्हिसाचे कागद जमवतो आहोत. बोट नॉर्वेच्या बाहेर जात नाही, त्यामुळे एकदाच आत जायचा व्हिसा पुरतो. तिकडे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणून तुमची जेवणं आटोपली की मी रोज फोन करीन.

पैसे मात्र आम्हीच भरणार आहोत, बाबा. तुम्ही बाजूला काढलेली रक्कम मोडू नका. पुढच्या नाताळच्या सुट्टीत आपण सगळे मिळून तुम्ही सुचवलेल्या मुंबईच्याच बोटीनं जाऊ, दादाची दोन्ही पोरं घेऊन, आणि ती किती ओरडतात ते मी आनंदानं ऐकीन. ती तिकिटं आम्ही काढू.

आई, बरोबर न्यायला चिवडा आणि कडबोळी दे. पेढे-बर्फी नकोत, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. देवगडहून मुंबईला रात्रीची गाडी बरी की सकाळची, ते दादाला विचारून कळवा, म्हणजे विमानाची वेळ त्याप्रमाणे धरते.

तुमची,
लेक