चित्रण कोणाचे, मागायचे कोणी?

महोदय,

"कॅमेरे टांगले की झाली का कला?" असे पाळतीच्या कॅमेऱ्यांवर बेतलेल्या कलाकृतींबद्दल आमच्या कट्ट्यावर परवा कोणीतरी म्हणाले. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. मला गप्प राहवले नाही.

जिल मॅगिड या अमेरिकी कलावतीचे 'एव्हिडन्स लॉकर' घ्या. २००४ मध्ये ती लिव्हरपूल शहरात लाल कोट घालून ३१ दिवस वावरली, तिथल्या २४२ कॅमेऱ्यांना दिसेल अशी. चित्रण ३१ दिवसांनी पुसले जाई. त्यात दिसणाऱ्या माणसाने अर्ज केला, तरच ते राही. तिने रोजचा एक असे ३१ अर्ज भरले आणि कुठे होते, काय करत होते, हे जिवलगाला कळवावे तसे लिहिले. एकदा तर ती डोळे मिटून गर्दीतून चालली आणि कॅमेऱ्यामागच्या पोलिसाने तिला फोनवर वाट सांगितली. पाहणाऱ्याला तिने बोलायला लावले, हे मला फार मोठे वाटते.

हसन इलाहीची गोष्ट सरहद्दीवरची. बांगलादेशात जन्मलेल्या या अमेरिकी कलावंताला २००२ मध्ये परदेशातून परतताना डेट्रॉइट विमानतळावर अडवले, पुढे कित्येक महिने एफबीआयची चौकशी चालली. मग कुठे असतो, काय करतो, हे दाखवायला तो आपण होऊनच जेवणाची ताटे, विमानतळ, स्वच्छतागृहे यांचे हजारो फोटो जगापुढे ठेवू लागला. त्यांत त्याचा चेहरा मात्र शोधावा लागतो.

पण काय दाखवायचे, हे त्या दोघांनी ठरवले होते. आमच्या सोसायटीच्या फाटकावर घरकामाच्या मावशींचा फोटो निघतो, येण्याजाण्याची वेळ प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर जाते. त्यांना कोणी विचारले नाही. सभासदांच्या वेळा मात्र कोणी नोंदवत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो फाटकाबाहेर ठेवून आत यायचे, असे त्यात कुठे आहे?

"बाई, माझा फोटो कोण कोण बघतं?" असे आमच्या मावशींनी मला विचारले. मॅगिडच्या अर्जांची आठवण ठेवून मी त्यांच्याबरोबर बसून समितीला अर्ज लिहिला: किती दिवस ठेवता, कोणाला दाखवता, पुसता कधी? खाली सही त्यांची आहे. पोच मिळाली, उत्तर अजून यायचे आहे.

आपल्या कलाविषयक पानावर अशा कामांची ओळख सविस्तर यावी, ही विनंती.

— एक निवृत्त कलाशिक्षिका, ठाणे