एका मिनिटात एकावन्न

चिनू,

रविवारी तू फोन ठेवलास (आपटलासच खरं तर), त्यानंतर दोनदा मेसेज टाईप केला आणि दोन्ही वेळा खोडला. आता सरळ पत्रच लिहितेय. लांबणार आहे, मला थोडक्यात जमत नाही हे तुला माहितीये, कामावर जाता येता वाच. आणि पहिलंच सांगून टाकते, तू जुगाराच्या कुठल्या साईटवर खेळतोस हे मी यात विचारणार नाहीये. "आई, पोलीसगिरी करू नकोस" म्हणालास ना, नाही करणार.

तू म्हणालास की आता पहिल्यासारखं नाहीये, इथे ब्रिटनमध्ये नियम आलेत, एका स्पिनला, म्हणजे चाकं एकदा फिरवायला, कमीत कमी अडीच सेकंद लागतातच, गेम स्लो झालाय, उगाच टेन्शन घेऊ नकोस. त्यावर मी गप्प बसले तर तुला वाटलं मला पटलं. पटलं नव्हतं रे, मी मनात भागाकार करत होते. त्या भागाकाराचं पुढे सांगते.

आधी तुझं बरोबर आहे ते मान्य करते, नाहीतर म्हणशील आई ऐकूनच घेत नाही. सोमवारी रात्री बसून सगळं वाचलं, अडलं तिथे ताईला विचारलं. (तिच्यावर चिडू नकोस, तिने मला आपणहून काहीच सांगितलेलं नाही.) ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाईन स्लॉटला, म्हणजे तुझ्या त्या चाकं फिरवायच्या गेमला, हे लागू केलं, अडीच सेकंदांच्या आत दुसरा स्पिन नाही. ऑटोप्ले (हात न लावता चाकं आपोआप फिरत राहणं) बंद, टर्बो (भरभर फिरवणं) बंद, मधेच टॅप करून चाकं थांबवायची सोय बंद. एक पाऊंड लावून ४० पेन्स परत आले तरी जिंकल्यासारखं संगीत आणि दिवे लावायचे तेही बंद, हे वाचून तर मी थक्कच झाले, म्हणजे आधी हरल्यावरसुद्धा टाळ्या वाजत होत्या! आणि किती वेळ खेळलात, किती पैसे गेले ते स्क्रीनवर दाखवायचं. नंतर १७ जानेवारी २०२५ पासून बाकीच्या कॅसिनो गेम्सना पाच सेकंद, आणि एप्रिल २०२५ पासून स्लॉटवर एका वेळी पाच पाऊंडांच्या वर लावायचं नाही, २५ च्या आतल्या मुलांना मे महिन्यापासून दोनच. जर्मनीत तर २०२१ पासून सरासरी पाच सेकंद आणि एका स्पिनला जास्तीत जास्त एक युरो.

सवयीप्रमाणे कागदावर मांडलं. अडीच सेकंद म्हणजे मिनिटाला २४, तासाला १४४०. एक एक पाऊंड लावलास तर तासाला १४४० पाऊंडांची उलाढाल. तू म्हणतोस गेम ९६ टक्के परत देतो, मग जातात कुठे पैसे? बाळा, ते ९६ टक्के तू खात्यात भरलेल्या पैशाचे नाहीत, प्रत्येक स्पिनला लावलेल्या पैशाचे आहेत. परत आलेले तू पुन्हा लावतोस, त्यातून पुन्हा चार टक्के कापले जातात, आणि हे तासात १४४० वेळा. सरासरीने ५७ पाऊंड ६० पेन्स गेले. पाच सेकंदांचा गेम असेल तर निम्मे, २८ पाऊंड ८०. एखाद्या तासात जिंकशील, एखाद्यात दोनशे घालवशील, पण वेग हा त्या हिशोबातला गुणक आहे, गुणक लहान झाला की उत्तर लहान होतं. हे तुला सातवीत शिकवलंय मी. तू तर तोंडी करायचास, मी फळ्यावर लिहायच्या आत उत्तर, मग बाकीची मुलं कंटाळायची आणि मला वरवर रागवावं लागायचं, आत मात्र इतका आनंद व्हायचा की काय सांगू. स्टाफरूममध्ये अजून तुझं नाव निघतं.

सॉरी, शिकवायलाच लागले.

तर नियमाचा उपयोग होतो, मला पटलंय. कमिशनने नंतर तपासलं तेव्हा खेळण्याचा जोर कमी झालेला दिसला, आणि वेग गेला म्हणून लोक मोठ्या रकमा लावायला लागले असंही झालं नाही म्हणे. आता तुझा मुद्दा, की स्लो झाल्यावर माणूस जास्त वेळ बसतो, मग फरक काय. खरंय, निम्म्या वेगाने दुप्पट वेळ बसलास तर हिशोब तिथेच येतो. पण मी एक करून पाहिलं. डोळे मिटून अडीच सेकंद मोजले. एक श्वास होतो रे, पूर्ण आत, पूर्ण बाहेर. एवढ्या वेळात "पुरे आता" असं मनात येऊ शकतं, येईलच असं नाही, पण यायला फट तरी राहते. भरभर चाललेलं असलं की तीही राहत नाही, हरलेलं कळायच्या आत पुढचं सुरू झालेलं असतं.

तुला आज्जी आठवते सापशिडी खेळताना? तू फासा टाकायचास आणि सोंगटी हलवायच्या आत परत उचलायचास, समोरच्याची पाळी गेली खड्ड्यात. मग आज्जी फासा मुठीत धरून बसायची. "आधी घरं मोज. मोठ्याने." तू तिची बोटं उघडायचा प्रयत्न करायचास, चावलासही होतास एकदा. ती ओरडायची नाही, मूठ सोडायची नाही. साप लागला तरी तुला कळायचं कुठे लागला, कारण तू मोजत गेलेला असायचास.

आता तुझ्याजवळ मूठ धरायला कोणी नाही म्हणून मला भीती वाटते असं लिहिणार होते, पण तू २७ वर्षांचा आहेस, एवढी मोठी नोकरी करतोस, परदेशात एकट्याने सगळं उभं केलंस, बाबा येईल त्याला तुझं ऑफिसचं आयकार्ड घातलेला फोटो दाखवतात. तुला मुठीत धरणारी मी कोण.

पण चिनू, त्या रात्रीचं बोलावंच लागेल.

मी तुझ्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट, शेवटच्या आठवड्यातली. पाणी प्यायला उठले तर तू किचनच्या टेबलाशी, दिवा न लावता. मी दारातच थांबले. फोन टेबलावर पडलेला होता आणि तुझे दोन्ही हात कपाळाला होते. फोनला तू हातही लावत नव्हतास आणि चाकं आपली फिरतायत, थांबतायत, परत फिरतायत. कोपऱ्यात विजेचं चिन्ह असलेलं बटण पेटलेलं. मला मोजायची सवय, जिने मोजते, गाड्यांचे डबे मोजते, तसंच सहज मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघून मोजलं. २:१४ चे २:१५ होईपर्यंत ५१. मग पाणी न पिताच परत जाऊन पडले. तेव्हा त्या आकड्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

रविवारी तू अडीच सेकंद म्हणालास आणि मी साठाला अडीचने भागलं. २४. जास्तीत जास्त २४ व्हायला हवेत. ५१ होऊच शकत नाहीत, आणि हात न लावता तर अजिबात नाहीत.

म्हणजे ती साईट त्या नियमातली नव्हती ना?

विचारणार नाही म्हटलं होतं, विचारलंच. पण थांब, अजून एक. गेल्या वर्षी तू गॅमस्टॉपमध्ये, जुगाराच्या साईट स्वतःला बंद करून घ्यायच्या त्या यादीत, नाव घातलंस, पाच वर्षांसाठी, स्वतःहून, मला स्क्रीनशॉट पाठवलास. चिनू, तुझ्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता एवढा अभिमान मला त्या स्क्रीनशॉटचा वाटला होता, बोलले नाही कारण काय बोलायचं ते सुचलं नाही. पण गॅमस्टॉपमध्ये नाव असलं की ब्रिटनच्या लायसन्सवाल्या साईटने तुला आतच घ्यायचं नसतं. मग तू अडीच सेकंदांचा गेम खेळतोयस कुठे? म्हणजे रविवारी मला जो नियम सांगितलास तो तुला लागूच नाहीये. तू सोडून बाकीच्यांचा गेम स्लो झालाय.

खोटं बोललास म्हणून राग नाही. आला होता, मंगळवारपर्यंत होता. बापूकाकांच्या वेळीही सगळे खोट्यावर चिडले आणि त्या नादात बाकीचं राहूनच गेलं, तसं मला करायचं नाहीये. राग नाही, हिशोबाची भीती आहे. ५१ म्हणजे तासाला ३०६०. एका पाऊंडाने धरलं तरी तासाला १२२ पाऊंड जाणार, आणि तिथे पाच पाऊंडांची मर्यादाही नाही, किती गेले ते दाखवायची सक्ती नाही, जिंकलास आणि पैसे अडकवून ठेवले तर तक्रार कोणाकडे करणार? आणि तू मधेच टॅप करून चाक थांबवतोस ना, "टायमिंग साधतो" म्हणालास एकदा. त्यात टायमिंग काही नसतं रे. बटण दाबलं तेव्हाच निकाल ठरलेला असतो, चाकं फिरतात ती फक्त दाखवायला. लॉजिकचा कोड लिहिणारा मुलगा तू, तुला हे माझ्याआधी कळायला हवं होतं. तुला कळत नसेल असं नाही. कळूनही होत असेल, त्याचीच तर धास्ती वाटते.

परत लेक्चर झालं. माफ कर. पण खोडत नाही, कारण मग पत्र उरणारच नाही.

काय कर म्हणून सांगू मी? बँकेच्या ॲपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉक असतो, तो चालू कर, बऱ्याच बँकांत बंद करायचा म्हटला तरी लगेच बंद होत नाही, दोन तीन दिवस थांबावं लागतं. तीही एक प्रकारची मूठच. पण या साईट क्रिप्टोने पैसे घेतात असं ताई म्हणते, तिथे कार्डाचा ब्लॉक कुठे पुरणार, म्हणून फोनमध्ये गॅमबॅनसारखं साईटच अडवणारं काहीतरी टाक. आणि गॅमकेअर म्हणून जुगारात अडकलेल्यांना मदत करणारी संस्था आहे, तिच्या हेल्पलाईनवर रात्री दोनलासुद्धा कोणीतरी असतं. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर त्यांच्याशी बोल. मला वाईट वाटेल, पण चालेल.

बाबांना यातलं काही माहीत नाही. ते आजही विचारत होते, चिनूने या वेळी लवकर फोन ठेवला का. मी म्हटलं मीटिंग होती. बघ, मीही खोटं बोलले.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन कर. आधी बाबांशी बोल, त्यांना तुझ्या प्रमोशनचं परत एकदा ऐकायचंय. मग मी फोन घेऊन आतल्या खोलीत जाईन आणि विचारीन, साईट कोणती. तू गप्प बसलास तरी फोन ठेवणार नाही मी.

आई

ता.क. ते मायक्रोवेव्हचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, ते नीट लाव. ५१ मात्र बरोबर मोजलेत, मी चुकलेली नाही.