संशोधनाचा मार्ग धरण्याआधी वेळेची हमी हवी

मा. संपादक महोदय,

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना नीट-पीजीच्या क्रमांकात कोणती शाखा बसते, एवढेच विचारायचे असते. मोजक्या काहींना मात्र एमडी करता करता किंवा त्याला जोडून पीएचडी करून संशोधनाकडे वळावे का, हा प्रश्न पडलेला असतो आणि ‘आधी नीट डॉक्टर तर हो’ हे घरचे वाक्य त्यांच्या पाठीशी लागलेले असते. अशांना मी एकच विचारतो : वॉर्डाच्या ड्युटीतून तुझा किती वेळ सुटणार आहे आणि तसे तुला कोणी लेखी दिले आहे का?

नियमाप्रमाणे एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतोच. विषय ठरतो, सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा विद्यापीठाकडे जातो, एथिक्स कमिटीची मंजुरी येते. इथवर सारे रीतसर चालते. पुढे मात्र पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता रुग्णालयात काम करणारा निवासी डॉक्टर, इमर्जन्सी, राउंड, रक्ताचे नमुने आणि डिस्चार्ज कार्डे यांत असा अडकतो की प्रबंधासाठी रुग्णांच्या माहितीचा प्रोफॉर्मा भरायला पुष्कळदा तिसरे वर्ष उजाडते. मग रेकॉर्ड विभागात बसून जुने केसपेपर चाळायचे. एकावर रुग्णाचे वजनच लिहिलेले नसते, दुसऱ्यावर क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी मागवल्याची नोंद असते, पण रिपोर्ट चिकटवलेला नसतो. रिकाम्या रकान्यांचे पुढे काय होते, हे आम्ही अध्यापक जाणतो आणि त्याविषयी गप्प राहतो. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग कामाची मर्यादा साधारणपणे 12 तासांची सांगितली आहे. ती पाळली जाते असे म्हणणारा रेसिडेंट मला अद्याप भेटलेला नाही. या अनुभवालाच संशोधन समजून एखादा हुशार मुलगा त्याकडे कायमची पाठ फिरवत असेल, तर दोष त्याचा नाही.

परदेशात हा मार्ग निराळा आखलेला आहे. ब्रिटनमध्ये ‘अकॅडेमिक क्लिनिकल फेलो’ म्हणून निवडलेल्या डॉक्टरचा 25 टक्के वेळ संशोधनासाठी राखीव असतो आणि पुढे पीएचडीची संधी मिळाली नाही तरी त्याला नेहमीच्या प्रशिक्षणात परतता येते. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या संशोधन-मार्गात 24 महिने रुग्णसेवेचे प्रशिक्षण झाल्यावर 36 महिने संशोधनाचे असतात आणि त्या काळातला 80 टक्के वेळ त्यासाठीच राखलेला असतो. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, कारण आपली सरकारी रुग्णालये रेसिडेंटच्या खांद्यावरच उभी आहेत. पण वेळ राखून ठेवायचा तो कागदावर आणि परतीची वाट मोकळी ठेवायची, या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, हा समजही विद्यार्थ्यांनी सोडावा. डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत विंचूदंशाचे रुग्ण दगावत होते. एमडी त्यांनी त्यानंतर पुण्यात केले आणि ते पुन्हा त्याच मुलखात परतले. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरण्याचा त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे गेला आणि 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांची प्राझोसिन व प्रतिविष यांची चाचणी छापली. त्यांच्याकडे प्रश्न आधी होता, पदवी मागून आली. आजच्या विद्यार्थ्याला जिल्हा निवासी कार्यक्रमात, म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करायला, तीन महिने मिळतात. ते हजेरीपुरते न घालवता असा एखादा प्रश्न हाती लागतो का, हे त्याने तिथेच पाहावे. हाती काहीच लागले नाही, तर केवळ नावापुढे पीएचडी लागावी म्हणून पुढची तीन-चार वर्षे घालवू नयेत. शस्त्रक्रियेच्या शाखांत तर अधिकच जपावे, कारण ऐन शिकण्याच्या काळात थिएटरपासून लांब राहिलेला हात नंतर सहज बसत नाही.

राज्य शासनाला आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला मात्र एक सुचवावेसे वाटते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय रोगप्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, पुण्यात ससून रुग्णालय आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था एकाच शहरात आहेत. अशा ठिकाणी दर वर्षी थोड्या जागा संशोधनासाठी राखाव्यात, त्या विद्यार्थ्याचा आठवड्यातला ठरावीक वेळ कॉलमधून, म्हणजे रुग्णालयाच्या ड्युटीतून, वगळावा आणि त्याच्या वाट्याच्या ड्युटीसाठी जादा रेसिडेंट द्यावा. नाहीतर तो भार सहकाऱ्यांवर पडेल आणि त्यांच्या रोषाने योजना वर्षभरात मोडेल. एमडीनंतरचे बंधपत्रित (सक्तीच्या सरकारी) सेवेचे वर्ष अशा संस्थेत संशोधनासाठी घालवल्यास तेही सेवेत धरावे आणि त्या काळाचे वेतन वरिष्ठ निवासी डॉक्टरइतके असावे. घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलामुलींचा निर्णय बहुतेक वेळा याच मुद्द्यावर अडतो.

आपला,
एक वैद्यकीय अध्यापक, पुणे