ताई, तुम्ही घाई केली नाहीत म्हणून

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "माझ्या नावाचा गाजावाजा झाला की मुली यायच्या बंद होतात," असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमचं काम नेमकं कसं चालतं हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

जोडीदाराच्या जाचात अडकलेल्या मुलींसाठी तुम्ही चालवता त्या गटात माझी धाकटी बहीण आली तेव्हा तिच्या अंगावर एकही वळ नव्हता. ज्याच्याशी तिचं जमलं होतं त्याला फोनचा पासवर्ड द्यायचा, कुठे आहेस त्याचा फोटो पाठवत राहायचा, मैत्रिणींना भेटण्याआधी त्याला विचारायचं, एवढंच काय ते. "किती जीव लावतो बघ!" असंही कुणी म्हणालं. त्याआधी जिथे मदत मागितली, तिथे पहिला प्रश्न आला, "मग तू त्याला आधीच का नाही सांगितलंस?" तुम्ही विचारलंत, "आत्ता घरी जाताना भीती वाटतेय का?"

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार, १५ ते १९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या मुलींपैकी जवळपास चौघींत एकीने त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. पासवर्ड मागणं, पाळत ठेवणं या मोजणीत धरलेलंच नाही.

घरात सगळ्यांना ते नातं आजच्या आज तुटायला हवं होतं. तुम्ही शांतपणे समजावलंत की तोडण्याचे दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. ताबा सुटतोय असं दिसलं की असा माणूस चवताळतो. म्हणून आधी तयारी. ओळखपत्रं आणि प्रमाणपत्रं मैत्रिणीकडे ठेवली. धमक्यांचे स्क्रीनशॉट त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी गेले. लोकेशन अचानक बंद केलं तर त्याला संशय येईल, म्हणून ते अगदी शेवटी. आणि एक परवलीचं वाक्य ठरलं: "गणिताची वही तुझ्याकडे राहिलीय का?" हा मेसेज आला की मी काही न विचारता फोन करायचा आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "आई बोलावतेय, लगेच नीघ" म्हणायचं. एका संध्याकाळी तो मेसेज खरंच आला. हात थरथरत होता, पण वाक्य पाठ होतं.

नातं संपवायचा दिवस तिने स्वतः ठरवला. मधे ती पुन्हा त्याच्याशी बोलू लागली होती, तेव्हाही तुमचं दार उघडंच राहिलं. ना टोमणा, ना "मी सांगितलं होतं". या एका गोष्टीसाठी तुमचे आभार कसे मानावेत ते मला अजून सुचलेलं नाही.

दादांचेही आभार, मुलग्यांच्या गटाबद्दल. माँट्रियलमध्ये १९८९ साली एका बंदूकधाऱ्याने १४ महिलांचा जीव घेतला, त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या पुरुषांनी बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पांढरी फीत लावण्याची मोहीम सुरू केली, हे मला दादांकडूनच कळलं. पण फीत लावणं सोपं. मित्रांच्या ग्रुपवर कुणी एखादीचा फोटो टाकला की "डिलीट कर" म्हणायला छाती लागते. दादा मुलांकडून त्याची चक्क तालीम करून घेतात: कधी सरळ बोलायचं, कधी विषय बदलायचा, कधी मोठ्या माणसाला सांगायचं, आणि नंतर त्या मुलीला "ठीक आहेस ना?" एवढं तरी विचारायचं.

बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांच्या मोहिमेत तुमच्याकडे माणसांची रीघ असते. फोटो निघतात, भाषणं होतात. ११ डिसेंबरला खुर्च्या उचलायला मात्र तुम्ही दोघंच. हे मी पाहिलंय आणि मला ते आवडलेलं नाही.

तेव्हा हे आभार कोरडे नकोत. शनिवारची हजेरी, खोलीची किल्ली आणि नव्या मुलींना घरापर्यंत सोडणं, एवढं आता मी आणि बहीण बघू. ती इतक्यात सगळ्यांसमोर बोलणार नाही. तसं कुणी तिला विचारूही नये. मागच्या रांगेत बसून हजेरी घेईन म्हणाली आहे. पुढच्या शनिवारी तुम्ही हक्काने सुट्टी घ्या. दादांशी बोलणं झालंय, ते हो म्हणालेत.

तुमची,
एका मुलीची थोरली बहीण